एकट्याची पंगत

एकट्याने प्रवास करणाऱ्या मनुष्याविषयी आपल्या समाजाच्या मनात जो खोलवर रुजलेला संशय आहे, त्याची म्हणावी तशी दखल अद्याप कोणी घेतलेली दिसत नाही. वारकरी समजतो; त्याच्या पायाही पडतात. कापसाचा भाव काढीत हिंडणारा व्यापारी, विम्याचा विक्रेता, मुलीसाठी स्थळ पाहावयास निघालेला बाप, कर्जवसुलीचा कारकून, एवढेच काय पण खानेसुमारीच्या याद्या काखोटीस मारून दारोदार फिरणारा शाळामास्तर, या साऱ्यांची प्रयोजने गावाला ठाऊक असतात, आणि त्या त्या प्रयोजनास अनुरूप असे त्यांचे स्वागत, किंवा क्वचित त्यांना चुकविण्याची मागील दारची वाट, परंपरेनेच ठरून गेलेली असते. परंतु ज्याच्यापाशी दिंडी नाही, दप्तर नाही, बायको नाही, विकावयाची वस्तू नाही, आणि 'कशासाठी येणं केलंत?' या प्रश्नाला जो 'सहजच, पाहायला' एवढेच उत्तर देतो, त्याचे करावे काय, हा मोठा पेच असतो. खानदेशाने या पेचावर फार पूर्वीच तोड काढून ठेवली आहे. अशा मनुष्याला प्रथम जेवावयास बसवावे आणि तो जेवत असताना, पळून जाण्याच्या स्थितीत नसताना, त्याची सविस्तर जबानी घ्यावी.

दुर्वास ऋषींचा मला या बाबतीत हेवा वाटतो. शिष्यांचा तांडा घेऊन ते पांडवांच्या दारी आले म्हणून द्रौपदीवर ओढवलेले संकट केवळ अन्नाचे होते. ते एकटे आले असते, तर 'शिष्य कुठे ठेवले, आश्रमात काही बिनसलं का, आणि या वयात रानावनातून एकटं हिंडायला घरचे सोडतात तरी कसे?' या प्रश्नांनीच त्यांचे शाप देण्याचे सामर्थ्य गळून गेले असते.

चाळीसगावापासून पाच-सहा कोसांवर डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. हल्ली तो सारा मुलूख गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. देवीच्या दर्शनाला लोक जातात; मी गेलो तो भास्कराचार्यांच्या ओढीने. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापिला. तेथील इ. स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, त्यामुळे ही हकीकत आपणास कळते. मला त्या लेखाचे विशेष कौतुक वाटते ते त्याच्या शेवटाचे. प्रारंभीची वंशप्रशस्ती यथास्थित संस्कृतात सांगून झाल्यावर, मठाला बाजारातून काय काय मिळावयाचे ही व्यवहाराची बाब आली तेव्हा लेख संस्कृत सोडून सरळ जुन्या मराठीवर उतरतो. गणिताचा अभ्यास असो की आणखी कसला, भोजनाची तरतूद बिनचूक आणि सर्वांना समजेल अशा भाषेत असावी, हे त्या काळच्या लोकांना उमगले होते.

दर्शन आटोपून मी पायीच परत निघालो आणि वाटेतील एका गावी पोहोचलो. संध्याकाळच्या गाडीला बराच अवकाश होता. पारावर बसावे, पाणी प्यावे आणि झाडाखाली एक डुलकी काढावी, एवढाच माझा बेत होता. परंतु मी पाराशी पोहोचण्यापूर्वीच माझ्याविषयीचे वृत्त तेथे पोहोचले होते, आणि वाटेत त्याची पदोन्नतीही झाली होती. शिवारातल्या एका पोराने मला वहीत काहीतरी टिपून घेताना पाहिले होते. पानाच्या टपरीवर त्या वहीचे रजिस्टर झाले. आणि पारावर आलो तेव्हा मी कृषीखात्याचा साहेब असून बोंडअळीच्या नुकसानीचा पंचनामा करण्यासाठी, कोणाला सुगावा लागू नये म्हणून, जीप न आणता पायी आलो आहे, असे सर्वानुमते ठरलेले होते. मी साहेब नाही हे मी परोपरीने सांगितले. त्यावर एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारा गाव आबा म्हणत होता, समाधानाने मान हलवून म्हणाले, "खरा साहेब कधी कबूल करत नाही." यानंतर माझ्याजवळ युक्तिवाद उरला नाही. मला एका वावरात नेण्यात आले, किडकी बोंडे उकलून दाखविण्यात आली आणि मी ती पाहून जो सुस्कारा टाकला तो बहुधा शासकीय अभिप्राय म्हणून गृहीत धरण्यात आला असावा. वावरातून परतताना आबांनी सहज विचारले, "जेवण?" मी 'झालं आहे' असे म्हणालो. हे उत्तर आपल्याकडे कोणीही खरे मानीत नाही. ते नमस्कारासारखे असते, देणाऱ्याने द्यावयाचे आणि घेणाऱ्याने ऐकून सोडून द्यावयाचे.

आबांच्या अंगणात मला खुर्ची देण्यात आली. ती नेमकी धुराच्या वाटेवर होती, त्यामुळे पुढील सर्व क्रिया मी सजल नेत्रांनी पाहिली. अंगणाच्या कडेला पऱ्हाट्यांचा, म्हणजे वेचणी उरकलेल्या कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग होता. आबांच्या थोरल्या सुनेने त्यातल्या थोड्या ओढून पेटविल्या आणि त्यांवर वांगी ठेवली. ही वांगी जांभळी नव्हेत. पोपटी हिरव्या रंगाची, पांढुरक्या रेघांची, हाताच्या पंजात न मावणारी. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली सरकारदरबारी भौगोलिक मानांकनाचा दाखला मिळाला, तथापि खानदेशी मनुष्याला त्यात विशेष वाटले नाही; त्याच्या मते उशिरा का होईना सरकारला अक्कल आली, एवढाच त्याचा अर्थ. पऱ्हाट्यांचा जाळ तापट असतो पण टिकत नाही, म्हणून त्या बाई सारख्या नव्या काड्या सारीत होत्या आणि देठाला धरून वांगी उलटीत होत्या. साल काळी ठिक्कर पडून फुटली आणि आतला रस निखाऱ्यावर चुरचुरला, तेव्हा त्यांनी ती बाजूला काढली, हात पाण्यात बुडवीत बुडवीत चटाचट सोलली, आणि लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या व लसूण यांच्यासह लाकडाच्याच मुसळीने ठेचली. मिरच्या मोजलेल्या नव्हत्या. मी त्या मोजण्याचा प्रयत्न केला आणि भीतीने मध्येच सोडून दिला. मग तेल, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि पुन्हा, जणू पहिले विसरल्याप्रमाणे, तेल.

"काही नाही, साधी भाजी-भाकर आहे. गरिबाघरचं गोड मानून घ्या," आबा म्हणाले. या वाक्याचा मी बरीच वर्षे अभ्यास केला आहे आणि माझा निष्कर्ष असा की, दिलगिरी जितकी विस्तृत, तितके ताट भरगच्च. केवळ 'या, बसा जेवायला' असे म्हणणाऱ्याकडे खरोखरच भाजी-भाकरी असते. आबांनी गरिबीचे वर्णन करण्यास प्रारंभ केला तेव्हा ताटात भरीत आले. गरिबी वाढत गेली तसतशी कळण्याची काळसर भाकरी, ठेचा, मुळा, कांदा, कढी, तळलेल्या बिबड्या आणि वाटीभर शेवया येत गेल्या. आणि 'आम्हा शेतकऱ्याकडे काय असणार' हे भरतवाक्य झाले तेव्हा ताटात मीठ ठेवावयास जागा राहिली नव्हती.

आणि आता त्या गोष्टीकडे वळतो, जिच्यामुळे हा लेख लिहावयास घेतला. परक्या मुलुखात एकटा हिंडणारा प्रवासी मनात सहभोजनाचे एक रम्य चित्र बाळगून असतो: अनोळखी कुटुंब, एक पंगत, सर्वजण एकमेकांच्या ताटातले वाखाणीत आहेत, हसत आहेत, आणि तो त्या घरचाच एक झाला आहे. वस्तुस्थिती अशी की, अस्सल यजमानाच्या घरी पाहुण्याबरोबर कोणीही जेवत नाही. सतरंजी एकट्याची अंथरली जाते, ताट एकट्याचे मांडले जाते, आणि यजमान, त्याचे भाऊ, पुतणे, शेजारी आणि दारातून डोकावणारी पोरे एवढा समुदाय समोर बसून पाहुणा कसा जेवतो हे पाहतो. हॉटेलात मनुष्य एकटा जेवतो तेव्हा निदान कोणी त्याची दखल घेत नाही. येथे तो एकटाच जेवतो आणि शिवाय प्रेक्षक असतात. प्रत्येक घासाचे मूल्यमापन होते. मी भाकरीचा तुकडा मोडला तो लहान पडला. समोरच्या रांगेत अस्पष्ट हळहळ उमटली. मी भरिताला पहिल्यांदा हात घातला तेव्हा बोलणे थांबले. डोळ्यांत पाणी उभे राहिले तरी चेहरा निर्विकार ठेवण्याचा मी आटोकाट प्रयत्न केला. परंतु कानही लाल होतात, हे मला ठाऊक नव्हते. एक पुतण्या आनंदाने ओरडला, "कान पाहा, कान!" आणि सभेने मोकळा श्वास सोडला. भरीत उत्तम साधले होते.

"तुम्हीही बसा ना, मला एकट्याला बरं वाटत नाही," असा अर्ज मी आबांकडे केला. त्यावर बरीच मसलत झाली. पाहुण्याआधी वा पाहुण्याबरोबर घरच्याने जेवणे म्हणजे अन्न पुरेल की नाही याची शंका दाखविणे, हा एक पक्ष. पाहुणा संकोचला तर उपाशी उठेल, हा दुसरा. अखेर तडजोड निघाली. आबा माझ्या शेजारी पाटावर बसले, त्यांच्यापुढे ताट आले, त्यांनी भाकरीचा एक चतकोर हातात घेतला आणि माझे जेवण संपेपर्यंत तो तसाच हातात धरून मला सोबत केली. मध्ये मी त्यांच्याकडे पाहिले की ते तो चतकोर भरितापर्यंत नेत आणि मी नजर वळविली की परत आणीत. इतक्या संयमाने, इतक्या निष्ठेने न जेवलेला मनुष्य मी दुसरा पाहिला नाही.

जबानीस मात्र तोवर रंग चढला होता. गाव आणि आडनाव पारावरच वदवून घेण्यात आले होते. आडनावाने ज्या प्रश्नाचा निकाल लागत नाही तो आपल्याकडे कुलदैवतावर सोपविला जातो, आणि कुलदैवतानेही न सुटला तर 'तिकडचे ते अमुक तुमच्यातलेच का?' या अपिलावर. हसत सांगण्याजोगी ही बाब नव्हे, याची मला जाणीव आहे; पंगतीत कोणी कुठे बसावे आणि कोणी बसूच नये याचा आपला इतिहास असा आहे की, माझ्यासाठी अंगणात जी सतरंजी इतक्या सहजपणे पसरली गेली, ती प्रत्येक एकट्या प्रवाशासाठी तितक्याच सहजपणे पसरली जाते अशी ग्वाही मी देणार नाही. असो. पुढे पगार, घर भाड्याचे की स्वतःचे, मुले किती, त्यांचे पगार, आणि रक्तातील साखर, या कलमांची नोंद पूर्ण झाली.

परंतु खरे न्यायपीठ माजघरात होते. उंबऱ्याआड आबांची वृद्ध आई बसली होती, आणि ती माझ्याशी साक्षात न बोलता आबांच्या नातवाकरवी समन्स काढीत होती. "इचार रे त्याले, घरमा कोन कोन शे?" नातू दोन हातांवरून माझ्याकडे वळून शुद्ध पुस्तकी मराठीत विचारी, "तुमच्या घरी कोण कोण असतं?" मी उत्तर देई, म्हातारीला ते ऐकू गेलेले असे, तरी नातू ते पुन्हा तिला अहिराणीत सांगे, आणि सांगताना त्यात स्वतःची थोडी भर घाली. बायको आहे, हे कळल्यावर आतून दीर्घ शांतता आली. मग मूळ मुद्दा निघाला: "मंग एकलाच उना का तो?" बायको आहे, ती सुखरूप आहे, भांडण झालेले नाही, आणि तरीही मी एकटा हिंडतो आहे, या चार विधानांची संगती लावणे भास्कराचार्यांनाही कठीण गेले असते. मी म्हणालो, "तिला डोंगर चढणं आवडत नाही." हे खरे होते. नातवाने आत जाऊन सांगितले, "त्यास्नी बायकोना पाय दुखतस." म्हातारीचे तत्काळ समाधान झाले, आणि गुडघ्यावर लावावयाच्या एका तेलाची कृती बाहेर आली. ती मी वहीत उतरवून घेतली, तेव्हा आपला पाहुणा खरोखरच सरकारी असल्याविषयी उपस्थितांची उरलीसुरली शंकाही फिटली.

माझ्या परिचयाच्या एक बाई एकट्याच पुष्कळ हिंडतात. त्यांचा अनुभव विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, की त्यांना सतरंजीवर बसवीतच नाहीत. थेट चुलीपाशी नेतात. तेथे प्रश्न दुप्पट, पण उत्तरेही मिळतात. आणि भाकरी थापता येते की नाही याची परीक्षा घेतल्यावाचून वाढत नाहीत. आबांना वाटणीत काय मिळाले, सुनेचे माहेर कुठले, थोरल्याचे धाकट्याशी का पटत नाही, हे सारे त्यांना भाकरी थापता थापता कळले असते. मला मात्र एवढ्या वेळात बोंडअळीपलीकडे काही कळले नाही.

आता आग्रहाविषयी. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात 'खहर' नावाच्या राशीची चर्चा केली आहे. एखाद्या संख्येला शून्याने भागले म्हणजे जी राशी निर्माण होते तीत काही मिळविले अथवा तीतून काही काढले तरी तिला विकार होत नाही, असे ते सांगतात. विद्वानांनी या विधानावर भाष्ये लिहिली आहेत. मला ते समजले पाटणजवळच्या त्या अंगणात. मी कितीही खाल्ले तरी ताट होते तेवढेच राहत होते. भाकरी संपावयास आली की आबांची सून दुसरी मोडून अर्धी ताटात टाकी आणि म्हणे, "आर्धीच शे, ली ल्या." मग उरलेल्या अर्ध्या भाकरीने टोपलीत एकटीने वाळत पडणे तिला पाहवत नसे, म्हणून तीही येई. अशा रीतीने तेथे अर्धी भाकरी ही एका भाकरीबरोबर असते. मी हात आडवा केला. हाताच्या बाजूने वाढले. ताटावर ओणवा झालो, वाटी भरली. 'पोट फुटेल' म्हणालो. 'हाऊ एक घास मायना नावनं' असे म्हणून घास आला, आणि ज्या देशात आईच्या नावाचा घास नाकारण्याची सोय कोणत्याही धर्मशास्त्राने ठेवलेली नाही तेथे मी काय करणार? चांगदेवाचा मठ आज राहिलेला नाही, पण त्यातील गणित आसपासच्या स्वयंपाकघरांत आश्रयास गेले असावे, असे मला राहून राहून वाटते.

हात धुतल्यावर सुपारी आली आणि देण्याघेण्याचा नाजूक प्रश्न उपस्थित झाला. पैसे देऊ करणे हा अपमान, आणि न देणे हे आपल्यासारख्या शहरी मनुष्याला बोचते. यावर आपल्या पूर्वजांनी शोधलेला मार्ग म्हणजे घरातील सर्वांत लहान मुलाच्या हातावर 'खाऊला' म्हणून नोट ठेवणे. मी दुभाष्या नातवाच्या मुठीत नोट कोंबली. त्याने आईकडे पाहिले, आईने सासऱ्याकडे, सासऱ्यांनी माजघराकडे. नोट या मार्गाने आत गेली आणि काही वेळ काहीच घडले नाही. मी विजयी मुद्रेने उठलो, तोच म्हातारी प्रथमच उंबऱ्याबाहेर आली. तिच्या हातात ताम्हन होते आणि ताम्हनात नारळ, पांढरी टोपी व कोरा टॉवेल. मला कुंकू लावण्यात आले, टोपी डोक्यावर चढविण्यात आली, टॉवेल खांद्यावर टाकण्यात आला. मी मनातल्या मनात हिशेब केला तो असा की, जेवणाचे ऋण राहिलेच, शिवाय नोटेपेक्षा टॉवेलच महाग होता. ही बाकी फेडण्याचा कोणताही मार्ग मला अद्याप सापडलेला नाही.

आबा गाडीपर्यंत पोचवावयास आले. वाहकाला त्यांनी, "साहेबांना नीट उतरवा, त्यांच्या घरच्यांचे पाय दुखतात," एवढे बजावले आणि खिडकीतून एक गाठोडे माझ्या मांडीवर ठेवले. गाडी सुटल्यावर पाहिले तो फडक्यात भाकऱ्या आणि केळीच्या पानात गुंडाळलेले भरीत. माझ्या पोटात तेव्हा पाण्याच्या घोटालाही जागा नव्हती. पण लसणीच्या वासाने गाडीतील वातावरण बदलले. शेजारच्या फेटेवाल्याने एकदा गाठोड्याकडे, एकदा माझ्या टोपीकडे पाहिले. पुढच्या बाकावरची मान वळली. मी गाठोडे सोडले, भाकरी मोडली आणि पाहतो तो, माझ्याच तोंडून शब्द निघत होते: "घ्या हो, अर्धीच आहे. साधंच आहे, गोड मानून घ्या."

फेटेवाल्याने भरीत चाखले, क्षणभर डोळे मिटले, आणि बोटे चाटीत माझ्याकडे पाहून गंभीरपणे म्हणाला, "साहेब, हात चांगला आहे. पण वांगं बामणोदचं नाही." मग त्याने उरलेली अर्धी भाकरीही मागून घेतली.